बावन्न सेंटिमीटरची सीट: आईच्या तीनचाकीच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

मी कोल्हापुरात तंत्रनिकेतनात यंत्र-आरेखन शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांना घरचा अभ्यास दिला होता: २०५० सालातलं एका माणसाचं वाहन काढून आणा. एकेचाळीस कागद आले. निम्म्याहून जास्त वाहनं उडणारी, बाकीची काचेची, थेंबाच्या आकाराची, निळ्या दिव्यांची. घरी तपासत बसलो होतो. आईने दोन-चार कागद उचलून चष्म्यातनं नीट पाहिले आणि विचारलं, "ह्यात चढायचं कुठनं?"

आईचं वय बहात्तर. वीसेक वर्षं तिने लुना चालवली. दोन वर्षांपूर्वी गुडघे बोलायला लागले, एकदा गंगावेशीत तोल गेला, आणि लुना विकली. तेव्हापासून फुलेवाडीहून कपिलतीर्थ मंडईत जायचं म्हणजे रिक्षा, नाहीतर मी. अंतर जेमतेम चार किलोमीटर. रिक्षाला पैसे पडतात, आणि मी म्हणजे माझी सवड. मेथी माझ्या सवडीने ताजी राहत नाही.

मुलांना काढायला लावलं ते आपण बनवून बघू, असं ठरवलं. एका माणसाचं, विजेचं, पावसात भिजवणार नाही आणि थांबल्यावर पाय टेकवायला लावणार नाही असं वाहन. नोंदी ठेवतोय त्या पुढे कुणी हे करायला घेतलं तर माझ्याच खड्ड्यात पडू नये म्हणून.

२४ नोव्हेंबर

मोटर, बॅटरी, काहीही बघायचं नाही. आधी बसणं. अंगणात विटा रचल्या, त्यावर पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची, भोवती पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा सांगाडा, छताला फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा. खर्च ३४० रुपये, एक सकाळ.

विटा आणि फळ्या कमी-जास्त करत सीटची उंची बदलली. ३८ सेंमीवरून उठताना आईला माझा हात लागला. ४३ ला "जमेल" म्हणाली, पण तोंड वाकडं झालं. ४८ ला दोन्ही हात मांड्यांवर टेकून उठली. ५२ ला एका हाताने, बोलता बोलता. ५६ ला पाय लोंबायला लागले. म्हणजे ५२. ह्या एका आकड्याने पुढचे सात महिने माझा पिच्छा पुरवला.

५२ वर बसल्यावर आईचे डोळे जमिनीपासून ११९ सेंमीवर. शेजाऱ्यांच्या छोट्या कारमध्ये त्यांचे डोळे मोजले (त्यांनी कारण विचारलं नाही, आता सवय झालीय): ११५. म्हणजे कारवाल्याच्या नजरेला नजर. माझ्या वहीतल्या पहिल्या चित्रात मात्र आई आरामखुर्चीसारखी रेलून, डोळे ८४ सेंमीवर. एसटीच्या बंपरसमोर.

ते चित्र का काढलं होतं हे कबूल करतो. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फॉरने रेलून चालवायच्या आडव्या सायकलीवर तासाभरात ४५ किलोमीटर कापून विक्रम मोडला, आणि पुढच्याच वर्षी सायकल महासंघाने असल्या सायकली शर्यतींतून बाहेर काढल्या. हे वाचल्यापासून मला त्या आकाराचं वेड आहे. पण आईला तासाचा विक्रम करायचा नाही. ताशी २० च्या वेगाला वारा आणि चाकांचं घर्षण मिळून माझ्या हिशोबाने दीडशेच्या आत वॅट लागतात. रेलून बसवून त्यातले फार तर चाळीस वाचतील. चाळीस वॅटसाठी एसटीवाल्याला आई दिसणार नसेल तर उपयोग काय?

८ डिसेंबर

मांडणी ठरली. पुढे दोन चाकं, मागे एक, तिन्ही वीस इंची. मोटर मागच्या चाकात, २५० वॅट.

वॅटचा आकडा ठरवायला फार विचार केला नाही. आपल्याकडे २५० वॅटच्या आणि ताशी २५ किमीच्या आतली विजेची दुचाकी नोंदणीशिवाय चालवता येते, तीच मर्यादा धरली. पण ही तीन चाकांची, त्यात घरी बनवलेली. म्हणून परिवहन कार्यालयात लेखी अर्ज देणार आहे. उत्तर येईपर्यंत कॉलेजचं मैदान आणि आमची बंद गल्ली, एवढंच.

वर्गात मुलांना सिंक्लेअर सी५ ह्या विजेच्या तीनचाकीचं चित्र दाखवलं. जानेवारी १९८५, ब्रिटन, किंमत ३९९ पौंड, २५० वॅटची मोटर, ताशी १५ मैल. चाळीस वर्षांपूर्वीचं भविष्य. ऑगस्टपर्यंत उत्पादन बंद. बुटकी गाडी, वर छप्पर नाही, आणि बाजारात आणली कडाक्याच्या थंडीत. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आपली पण चाकं तीन आणि वॅट अडीचशेच आहेत की." खरं आहे.

२२ डिसेंबर

स्टिअरिंग. कारसारखं गोल चाक समोर लावलं तर आईचे गुडघे आत वळत नाहीत. सायकलसारखं हँडल लावलं तर साडीचा घोळ त्यात अडकतो. दोन्ही पुठ्ठ्यावर तपासलं. शेवटी सीटखालून दोन दांडे काढून दोन्ही बाजूंना मुठी, हात खाली सोडले की सरळ मुठीवर. सी५ चं हँडलही मांड्यांखालीच होतं. आई खूश: "खुर्चीच्या हातासारखं आहे." ह्या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

५ जानेवारी २०२५

सांगाडा उद्यमनगरात. एक इंची, सोळा गेजचा पाइप, २,८५० रुपये. मिस्त्रींनी गुण्या लावून आधी सगळीकडे नुसते टॅक (वेल्डिंगचे ठिपके) मारले, मग कर्ण मोजले. चार मिलिमीटरचा फरक. मी म्हटलं चालेल. त्यांनी ग्राइंडर उचलला आणि दोन टॅक कापले. "सर, आत्ता चार हाय, पुरं वेल्डिंग झाल्यावर धा हुईल." ऐकलं.

टायरॉड (पुढची चाकं वळवणारे दांडे) मात्र माझ्या हुशारीने लावले आणि चुकले. वळताना दोन्ही पुढची चाकं सारखीच वळायची. आतलं जास्त वळायला हवं. सिमेंटवर टायर किंचाळत होते. किंगपिनचे (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिचे) हात मागच्या चाकाच्या मध्याकडे रोख धरतील असे वाकडे पाहिजेत, हे मी दर वर्षी फळ्यावर काढतो. नवे किंगपिन आणि रॉड: १,४०० रुपये वाया.

१९ जानेवारी

चाकांमधलं अंतर ७० सेंमी ठेवलं होतं. सीटवर वाळूची पोती बांधली, मी मागे लोंबकळून मैदानाच्या उतारावरून सोडली. ताशी चौदा-पंधराच्या आसपास वळवताच आतलं चाक उचललं. पोती पडली, मी पडलो, मुलांनी व्हिडिओ काढला.

कारण उघड आहे. सीट ५२ वर, म्हणजे वजन उंच. सीट खाली घेतली की आई उठू शकत नाही. आता उरले दोन उपाय: गाडी वळणात मोटरसायकलसारखी कलंडू द्यायची, किंवा चाकं लांब न्यायची.

मला अर्थातच कलंडणारी हवी होती.

१६ फेब्रुवारी

चार आठवडे आणि ५,२०० रुपये गेले. लेथवर बुश, बेअरिंगचे सांधे, समांतर दांडे, सगळं केलं. चालताना फार सुंदर कलंडते. थांबली की तशीच सुंदर कलंडून आडवी होते. पियाज्जोची २००६ ची तीनचाकी स्कूटर एमपी३ थांबताना कलण्याचा सांधा कुलूपबंद करते. टोयोटाने २०१३ मध्ये दाखवलेल्या आय-रोड ह्या तीनचाकीमध्ये ते काम मोटर करते. मी हाताने ओढायचा खटका बसवला. आईला विटांवरच्या खुर्चीत बसवून सांगितलं: थांबायच्या आधी खटका ओढायचा, निघाल्यावर सोडायचा. ती म्हणाली, "आणि एखाद दिवशी विसरले तर?"

काढून टाकलं. सांधे कपाटात आहेत, कुणाला हवे असतील तर घेऊन जा.

अंतर ८५ सेंमी केलं, बॅटरीचा डबा सीटखाली जमिनीलगत नेला. तोच उतार, तीच पोती. आता चाक सतरा-अठराला उचलतं. त्याची सोय पुढे करू.

२ मार्च

मोटर बसली. किट कंट्रोलरसह (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) ९,५००. बॅटरी लिथियम लोह-फॉस्फेटची, ५१.२ व्होल्ट १५ अँपिअर-तास, १८,००० रुपये. हिच्यावर घासाघीस केली नाही. आईच्या बुडाखाली राहणार आहे.

आणि पहिल्याच चढावर घात. थांबलेल्या गाडीला चढावर पूर्ण रेस दिली. "कट्" असा आवाज, मग करपल्याचा वास. मोटरचा एक्सल खाचेत स्वतःच फिरला होता आणि आत जाणाऱ्या वायरी पिळून तोडल्या होत्या. सायकलच्या खाचेला हा पीळ सोसत नाही. नुसता नट कितीही आवळला तरी नाही. एक्सलच्या चपट्या बाजूंवर घट्ट बसणारी पट्टी करून ती सांगाड्याला बोल्टने बांधावी लागते. मिस्त्रींनी सहा मिलिमीटरच्या प्लेटमधून दोन्ही बाजूंना पट्ट्या कापून दिल्या, कानशीने घासून खाच इतकी नेमकी केली की हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसली. नवा कंट्रोलर १,९००. मोटर उघडून वायरी बदलण्यात नऊ दिवस. ही पट्टी दोनशे रुपयांत आधीच करता आली असती.

२९ मार्च

उद्या पाडवा. आज आई पहिल्यांदा चालवणार म्हणून गाडीला हळदकुंकू लागलं होतं.

गल्लीत तीन फेऱ्या. हॉर्न उगाचच वाजवला, शेजारच्या काकूंना हात केला. अंगणात येऊन थांबली. ब्रेक सोडला. उठण्यासाठी दोन्ही हात बाजूच्या मुठींवर टेकले, जसे खुर्चीच्या हातांवर टेकतात तसे, आणि जोर दिला. उजव्या मुठीत रेस होती.

गाडी सात-आठ फूट उडाली. आई अर्धवट उठलेली, मागे सीटवर आदळली. पुढचं डावं चाक तुळशी वृंदावनाच्या कट्ट्याला. टायरॉड वाकला, कट्ट्याचा टवका गेला, आईचं कोपर खरचटलं. मी चावी काढेपर्यंत मागचं चाक फरशीवर घसटत फिरतच होतं, कारण घाबरून तिने मूठ आणखी घट्ट धरली होती.

मी "रेसला हात कशाला लावला" म्हणालो. म्हणायला नको होतं. कोपरावर हळद दाबत आई म्हणाली, "उठताना मी काय धरू ते सांग. हवेला धरू?"

गाडीत धरण्यासारख्या जागा दोनच ठेवल्या होत्या, आणि त्या दोन्ही हलणाऱ्या. बसून चालवायचा विचार चार महिने केला. उतरण्याचा विचार केला फक्त सीटच्या उंचीपुरता.

१३ एप्रिल

दुरुस्त्या, झाल्या त्या क्रमाने.

छताच्या डाव्या कमानीला जमिनीपासून ८५ सेंमीवर पक्की दांडी वेल्ड केली. तिच्यावर कापडी पट्टी गुंडाळली, म्हणजे हात आपोआप तिकडे जातो. फिरवायची रेस काढून अंगठ्याने दाबायची लावली. मुठीवर कितीही भार दिला तरी ती दाबली जात नाही. सीटखाली एक मायक्रोस्विच, म्हणजे दाबाने चालणारं छोटं बटण: वजन उठलं की कंट्रोलरची ब्रेकची वायर जोडली जाते आणि मोटर बंद.

हा स्विच लावल्यावर गाडी खड्ड्याखड्ड्याला बंद पडायला लागली. आई उसळली की स्विचला वाटतं ती उतरली. एक सेकंद उशीर करणारा रिले, १२० रुपये. आता ठीक.

उसळण्याबद्दल थोडं. दुचाकीची वाट एक असते, कारच्या वाटा दोन, आमच्या तीन. पुढची दोन चाकं खड्ड्याच्या दोन बाजूंनी नेली की मागचं बरोबर मधून जातं. चुकवणं शक्यच नाही. स्प्रिंगा लावायच्या तर वजन आणि खर्च वाढतो. मिस्त्रींच्या वडिलांनी सुचवलं: सीट निवारीने विणा, बाजेसारखी. मीच विणली, दोनदा सैल पडली, तिसऱ्यांदा त्यांनी विणून दिली. आता गाडी आदळते, आई झुलते.

२० एप्रिल

गाडी घराबाहेर जात नाही. म्हणजे चालते, पण छोट्या फाटकातून जात नाही. फाटक तीन फूट, ९१ सेंमी. मी ८५ मोजले ते टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत. टायरची जाडी आणि बाहेर आलेले एक्सलचे नट धरून ९३. इतके दिवस मोठं फाटक उघडत होतो, आणि ते आईला ढकलत नाही. आरेखन शिकवणारा माणूस एकूण रुंदी काढायला विसरला, हे मुलांना सांगितलेलं नाही.

नट आत घेतले, अंतर ८२ वर आणलं, एकूण ८८. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंमी. फाटकाला रबर चिकटवला.

१८ मे

अंतर घटलं म्हणजे वळणाचा प्रश्न पुन्हा आला. कंट्रोलरला तीन वेगांच्या वायरी असतात. स्टिअरिंगच्या दांड्यावर लोहचुंबक आणि शेजारी रीड स्विच लावला (दाराच्या चोरघंटीला असतो तो, ६० रुपये). दांडा ठरावीक कोनापुढे वळला की गाडी सगळ्यात हळू वेगात जाते, ताशी १०. सरळ असताना १८ च्या वर जात नाही. आधी साधा मायक्रोस्विच लावला होता, त्यात दोनच दिवसांत धूळ गेली आणि गाडी वळणावर झटके द्यायला लागली.

मैदानावर १२.४ किलोमीटर चालवून मोजलं: १६२ वॅट-तास, म्हणजे किलोमीटरला १३. एका चार्जमध्ये राखून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. मंडईच्या जाऊन-येऊन फेऱ्या धरल्या तर एका युनिटमध्ये आठ.

१५ जून

छत. आधी चूक सांगतो. पॉलिकार्बोनेटचा पत्रा मे महिन्यातच आणला आणि वरची प्लास्टिकची पापुद्री न काढता गच्चीवर ठेवला. तीन आठवड्यांच्या उन्हात पापुद्री भाजून चिकटली. नखाने, गरम पाण्याने, कशाने निघेना. ९०० रुपये गेले.

नवा पत्रा बसवला. भोकं स्क्रूपेक्षा दोन मिलिमीटर मोठी पाडून खाली रबर वॉशर. घट्ट आवळलं तर उन्हात फुगून तडकतो.

समोरच्या काचेवर वायपर लावायचा नव्हता. म्हणून काच आईच्या डोळ्यांच्या आठ सेंमी खाली संपवली आणि छत पुढे ३५ सेंमी काढलं. ती काचेवरून बघते, काचेतून नाही. बाजू उघड्या. बंद केल्या होत्या एकदा, पण मैदानावर पश्चिमेचा वारा आला तेव्हा गाडी अख्खी हातभर सरकली.

२९ जून

पावसात चाचणी, गल्लीत, चाळीस मिनिटं. आई कोरडी. उजवा गुडघा सोडून. छताच्या कमानीवरून ओघळ बरोबर तिथेच येतो, दुखऱ्या गुडघ्यावर. दोन्ही बाजूंनी पन्हळ लावायची.

आजवरचा हिशोब: बॅटरी १८,०००, मोटर-कंट्रोलर ९,५००, पुढची चाकं डिस्क ब्रेकसह ६,४००, पाइप २,८५०, वेल्डिंग-लेथ ७,३००, छत २,२००, सीट १,६००, दिवे-वायरी-बारीकसारीक २,७००. वाया गेलेले ९,४००: कलंडण्याचे सांधे, जळालेला कंट्रोलर, चुकीचे किंगपिन, भाजलेला पत्रा. एकूण ५९,९५०. स्वतःच्या वेळेचे पैसे धरले नाहीत. धरले तर बायको वाचेल.

६ जुलै

आषाढी. अर्जाला उत्तर अजून नाही, म्हणून मंडई नाही. आई गल्लीच्या टोकाला डेअरीपर्यंत जाते, रोज सकाळी, छोट्या फाटकातून, मला न उठवता. आज पाहिलं तर डाव्या दांडीला तिने तारेचा आकडा वळवून लावलाय, पिशवीसाठी. माझ्या एकाही चित्रात पिशवीला जागा नव्हती.

शेजारच्या काकूंनी निरोप दिलाय, त्यांनाही बसून बघायचंय. त्यांचे पाय आईपेक्षा आखूड, ५२ वर लोंबतील. सीटच्या खांबाला ४६, ४८, ५० वर भोकं मारून घ्यायचीत. आठ नंबरचं ड्रिल काल मोडलं, ते आणायचं.